गुलाबी द्राक्ष

"मुलगी झाली!" भावजींचा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. दहा मिनिटांनी पुन्हा फोन. "जरा लवकर येशील का?" आवाज पार उतरलेला.

गेले तर भाची टुणटुणीत, पण ओठांतून द्राक्षाएवढा गुलाबी, गुळगुळीत गोळा डोकावतोय. वरच्या हिरडीला, समोरच, बारीकशा देठाने लटकलेला. आईने लगेच ताईला विचारलं, "ग्रहणात काही चिरलं होतंस का गं?" ताई रडायलाच लागली. मी पडले मॉडर्न! कॉरिडॉरमध्ये जाऊन मोबाइलवर 'ट्यूमर' शोधलं आणि आईच्या दसपट घाबरले.

डॉक्टर मात्र शांत. म्हणाले, "कंजेनायटल एप्युलिस." नॉयमान नावाच्या जर्मन डॉक्टरने १८७१ मध्ये याची पहिली नोंद केली. अगदी दुर्मीळ, मुलींमध्ये मुलांच्या कितीतरी पट जास्त. हा कॅन्सर नाही आणि पुढे त्याचा कॅन्सर होत नाही. सोनोग्राफीत का नाही दिसला? तर हा वाढतो शेवटच्या तीन महिन्यांत. कधी दिसतो, कधी निसटतो. जन्मानंतर सहसा वाढत नाही. छोटा असेल तर नुसतं लक्ष ठेवायचं, काही वेळा आपोआप विरतोसुद्धा.

मग थांबायचं का? तीन दिवसांच्या जिवाला भूल द्यायची, या कल्पनेनेच भावजींचे हातपाय गार. पण डॉक्टरांचे प्रश्न दोनच होते : श्वास नीट चालतोय का, आणि दूध ओढता येतंय का? श्वास ठीक होता. दूध मात्र नाही. गोळ्यामुळे ओठ मिटतच नव्हते. ताई दूध काढून वाटी-चमच्याने पाजत होती, निम्मं दुपट्यावर सांडत होतं. भावजींनी सही केली.

देठाशी कापून गोळा काढला. हिरडी खोलवर कोरायची गरजच नसते, कारण हा पुन्हा उगवत नाही. उगाच खोल गेलं तर आतल्या दातांच्या कळ्यांना धक्का लागायचा. गोळा लॅबला गेला. मोठ्यांच्या तोंडातही अशाच दाणेदार पेशींची गाठ होते, पण तिची एस-१०० चाचणी पॉझिटिव्ह येते. हिची निगेटिव्ह आली. निदान पक्कं! (हे सगळं मी आता पार्टीत ऐकवते. लोक पळतात.)

त्याच संध्याकाळी ती ताईच्या अंगावर प्यायली. चुटुचुटु आवाज येत होता. आई खिडकीकडे तोंड करून उभी होती.

"दात येतील ना?" भावजींनी डॉक्टरांना तीनदा विचारलं होतं.

भाची आता अकरा महिन्यांची आहे. माझ्या ऑफिसच्या आयकार्डावर दातांच्या स्पष्ट खुणा आहेत. वरच्या दोन.