दिवा नाही, वासासाठी आहे!

परवा इंदिरानगरात, शंभर फुटी रस्त्यामागच्या एका घरी मंडळाचा फराळ झाला. चिवडा उत्तम, चकली जरा मऊ. पण माझं लक्ष खिडकीत अडकलेलं. काचेच्या बरण्यांत तीन सुगंधी मेणबत्त्या, वर पडद्याची झालर, आणि यजमान सगळ्यांना घेऊन गच्चीवर फुलबाज्या उडवायला निघालेले. मी विझवायला वाकले तर लेक म्हणाली, "आई, तो दिवा नाही, वासासाठी आहे. राहू दे ना."

इथेच तर सगळं बिनसलंय. लहानपणी वीज गेली की मेणबत्तीभोवती अख्खं घर गोळा व्हायचं, भेंड्या रंगायच्या. आता इन्व्हर्टर आला, मेणबत्ती शोभेची झाली, आणि तिच्यावरची नजर उठली. आमची आजी तर समई तेवत ठेवून शेजारीसुद्धा जात नसे. आणि समईतलं तेल संपलं की वात आपली आपण शांत होते. बरणीतली मेणबत्ती तासन्‌तास जळत राहते. तिचीही वात खुडावी लागते हो, निरांजनासारखीच! पाव इंचाहून वाढली की ज्योत भडकते, काजळी धरते. पडद्यापासून हातभर लांब ठेवावी, तळाशी अर्धा इंच मेण उरलं की बंद करावी, नाहीतर काच तडकते. मेणच पेटलं तर पाणी मुळीच ओतू नये. पाण्याची क्षणात वाफ होते आणि जळतं मेण अंगावर उडतं. ताटली उपडी घालावी. कढईतल्या तेलाचा नियम आपल्याला पाठ आहे, मग इथेच का विसरतो?

केकवरच्या ठिणग्या उडवणाऱ्या मेणबत्त्यांवर तर वेगळा लेख हवा. पुण्याजवळच्या तळवड्यात त्या बनवणाऱ्या कारखान्याला 8 डिसेंबर 2023 रोजी आग लागली. त्या दिवशी सहा जीव गेले, पुढे रुग्णालयात आणखी, बहुतेक बायका. ती गोष्ट कारखान्यातली, मान्य. पण त्याच वस्तूपुढे आपण पोरांना तोंड न्यायला लावतो. असो.

फार उपदेश झाला. यजमानीणबाई, राग मानू नका. गेल्या गौरींना माझीच ओढणी उदबत्तीने जळली होती, तेव्हा मी कुठली शहाणी!

त्या संध्याकाळी मेणबत्त्या मी विझवल्या नाहीत, लेकीचा मान राखला. सगळे गच्चीवरून उतरेपर्यंत खिडकीशी खुर्ची टाकून बसले. तोवर अनारसे संपले होते.