मुक्या जनावराचा डॉक्टर आणि आमची घासाघीस

कापडाच्या धंद्यात आमची उमर गेली. ताक्यामागे चार पैसे कमी करून घेणे हे आमचे रोजचे काम. परंतु कुठे भाव करावा आणि कुठे करू नये, हे आम्हाला एका बकऱ्याने शिकविले.

काही वर्षांपूर्वी बकरी ईदच्या चार दिवस आधी घरचा बकरा आजारी पडला. मुलांनी लाडाने त्याला ज्वारी आणि शिळ्या रोट्या भरपूर चारल्या होत्या. संध्याकाळी पोट फुगले, रवंथ बंद झाला. मोहल्ल्याजवळ जनावरांचा एक छोटा खासगी दवाखाना आहे. दोन डॉक्टर, एक टेबल, लसींसाठी एक फ्रीज. फी आणि औषधांचा आकडा ऐकून आम्ही म्हणालो, "एवढे तर आम्ही स्वतःच्या तापालाही देत नाही!" बकरा परत आणला. ओळखीच्या एका बिनडिग्रीच्या इसमाने निम्म्या पैशात सुई टोचली. पहाटे बकरा मेला.

पुढे त्याच दवाखान्यात डॉक्टरांनी समजावून सांगितले. धान्य जास्त झाले की कोटीपोटात आम्ल तयार होते, अंगातले पाणी पोटाकडे ओढले जाते आणि आम्ल रक्तात उतरते. वेळीच सलाईन आणि योग्य औषध मिळाले तर जीव वाचू शकतो. आम्ही दोष कुणाला देणार? घासाघीस आमचीच होती.

व्यापारी बंधूंनो, ही फी कशाची असते याचा हिशोब आपण करीत नाही. पशुवैद्यकाची पदवी साडेपाच वर्षांची, त्यात एक वर्ष प्रत्यक्ष कामाचे. माणसाचा डॉक्टर एकाच जातीच्या देहावर इलाज करतो. यांना गाय, बकरी, घोडा, कुत्रा, मांजर, कोंबडी सारे शिकावे लागते. रोगी सांगत नाही की कुठे दुखते. एकाचे औषध दुसऱ्याला विष ठरते. आपल्या घरातली तापाची पॅरासिटामॉल मांजराच्या जिवावर उठते. शिवाय जोखीम वेगळीच. पिसाळलेल्या कुत्र्याचा दात लागला आणि वेळेवर लस घेतली नाही, तर रोग दिसू लागल्यावर माणूस जवळपास कधीच वाचत नाही. गाभडलेल्या जनावराला हात लावताना ब्रुसेलोसिस डॉक्टरलाच जडू शकतो.

1984 च्या कायद्याने नोंदणी झालेल्या पशुवैद्यकालाच पूर्ण उपचाराचा हक्क दिला आहे. तरीही आपण स्वस्तातली सुई शोधतो. खोटा रंग दिलेला माल स्वस्त मिळाला म्हणून कोणी शहाणा व्यापारी दुकानात भरील काय? पहिल्याच धुण्यात रंग जातो आणि गिऱ्हाईकही जाते.

काही भाऊ म्हणतील, गरीब कारीगर एवढी फी कुठून देणार? बात खरी आहे. यंत्रमागावर काम करणाऱ्याच्या घरी दोन बकऱ्या म्हणजे त्याच्या बायकोची बचत; मुलीची फी किंवा सासूचे औषध त्यातूनच निघते. परंतु त्याचा उपाय डॉक्टरचा मेहनताना कापणे हा नव्हे. मेहनताना बुडाला तर दवाखाना बंद होईल आणि मोहल्ल्यात फक्त सुई टोचणारे उरतील.

उपाय आपल्याच धंद्यातल्या एका माणसाने दाखविला आहे. सूतगिरण्यांचे मालक सर दिनशॉ माणेकजी पेटिट यांनी मुंबईत परळ येथे पत्नी साकरबाईंच्या नावाने जनावरांचे इस्पितळ उभे केले. तेथेच 1886 साली मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. कापडाच्या कमाईतून एवढे झाले. आपण इस्पितळ बांधू शकत नसू, पण बाजाराची असोसिएशन जवळच्या दवाखान्यात एक खाते नक्कीच उघडू शकते. गरजू कारीगराचे बिल त्या खात्यावर पडावे आणि दर महिन्याला चुकते व्हावे.

आणि ज्यांच्या घरी बकऱ्या आहेत त्यांनी आजाराची वाट पाहू नये. आंत्रविषाराची लस दरवर्षी पावसाळ्यापूर्वी द्यावी. पीपीआरची एक लस सुमारे तीन वर्षे संरक्षण देते. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात त्यासाठी चौकशी करावी. ईदच्या आधी बकऱ्याला धान्य चारणाऱ्या मुलांनाही समजावावे.

भाव बाजारात करावा. टेबलावर जनावर तडफडत असताना करू नये.