छंदाला भांडवल किती लागते?

बाजारात आता छंदही खोक्यात भरून मिळतो. भरतकामाची रिंग, आखलेले कापड, मोजून दिलेले दोरे आणि कुठे कोणता टाका घालायचा याचे चित्र, सारे एकत्र. पहिला उत्साह ओसरला की ते खोके कपाटाच्या वरच्या फळीवर जाते आणि मध्यमवर्गीय घरात निष्कर्ष निघतो की असले षोक आपल्याला परवडणारे नाहीत. खोके परवडले नाही हे खरे; पण दोष छंदाच्या माथी कशासाठी?

गोधडीचेच पाहावे. तिचा जन्मच टंचाईतला. विरलेली लुगडी, जुनी धोतरे धुऊन एकावर एक अंथरायची; फाटका भाग आत, धड भाग बाहेर. कडेने मोठे टाके घालून थर जागच्या जागी बसवायचे आणि मग साधा धावदोरा चौकटी-चौकटीने मध्यापर्यंत न्यायचा. सुई, दोरा, कात्री एवढेच भांडवल. बंगालची कांथाही जुन्या साड्यांचीच. नक्षीसाठी लागणारे रंगीत धागेसुद्धा साडीच्या काठातून उसवून घेतले जात. जपानमधील गरीब शेतकऱ्यांनी ठिगळावर ठिगळ लावून टिकविलेले 'बोरो' कपडे तर आज संग्रहालयांत जपले जातात. या स्त्रियांनी सौंदर्य बाजूला ठेवून काटकसर केली नव्हती. कोणत्या ठिगळाशेजारी कोणता रंग, हा विचार त्यांच्या टाक्याटाक्यांत दिसतो.

विणकामाचेही तसेच. आखूड झालेला स्वेटर उसवावा, लोकरीची लडी करून ती धुवावी आणि खाली थोडे वजन बांधून वाळत टाकावी. पडलेल्या वळ्या बऱ्याच सरळ होतात आणि त्याच लोकरीची टोपी, मोजे विणता येतात. क्रोशाला एक सुई आणि सुताची गुंडी पुरते. शिंप्याकडच्या कातरणीतून पिशवी, पायपुसणे, दाराचे तोरण होते. (आता शिंपीच कमी उरले, हा वेगळ्या दुःखाचा विषय.) पैसा वाचवू नये तो फक्त कात्रीत, बोथट कात्रीने कापड कुरतडते आणि शिकणाऱ्याचा धीर सुटतो.

मुलांच्या बाबतीत प्रश्न अधिक गंभीर आहे. बांबूच्या कामट्या तासून, दोऱ्याने बांधून, कणकेच्या खळीने पतंगाचा कागद चिकटवलेला आकाशकंदील थोडा वाकडा होतो. म्हणून तयार कंदील आणला जातो आणि त्याबरोबर चार संध्याकाळचे शिक्षण गमावले जाते. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे शिकावे असे सुचविले. स्वागतार्हच आहे. परंतु दहा दिवसांत हात वळत नाही. घरातल्या आजीच्या हातातली सुई वर्षभर उपलब्ध असते आणि तिला शुल्कही नसते.

अलीकडे आणखी एक आग्रह ऐकू येतो. 'एवढे छान करता, तर विकत का नाही?' ज्या भगिनीला संसारासाठी मिळकत हवी, तिने जरूर विकावे. पण दिवसभर राबून रात्री तासभर विणत बसणाऱ्या गृहिणीला त्या तासाचाही हिशेब मागणे अन्यायाचे आहे. घरातील पुरुषाच्या वर्तमानपत्र वाचनातून किती रुपये सुटतात, असे कोणी विचारीत नाही.

विक्रीचा विषय निघालाच आहे, तर खरेदीचेही बोलावे. हस्तकलेच्या प्रदर्शनात गोधडीची किंमत ऐकून निम्म्यावर मागणारे ग्राहक पुष्कळ भेटतात. त्यांतील एखादीने पाळण्यातल्या बाळाची दुपटी हाताने शिवून पाहावी. किती दुपारी गेल्या, बोट कितीदा टोचले, पाठ कशी भरून आली, हे ज्ञात झाल्यावर ती पुढच्या प्रदर्शनात घासाघीस करील असे वाटत नाही.