गावच्या हायस्कूलच्या माजी विद्यार्थ्यांना जाहीर आवाहन

शहरात गेलेल्या आणि गावातच राहिलेल्या माजी विद्यार्थी बंधू-भगिनींनो,

नववीच्या विज्ञानात 'धाराविद्युत' हा धडा आहे. अनेक गावांतल्या हायस्कुलांत प्रयोगाचं साहित्य अपुरं आहे, असलेले मीटर जुने झालेत. मुलं फळ्यावरची आकृती वहीत उतरवतात, ओहमचा नियम पाठ करतात. विभवांतर वाढवलं की धारा वाढते, हे त्यांच्या डोळ्यांना कधी दिसतच नाही. अनुदानित शाळेत शिक्षकांचा पगार शासन देतं. पण वेतनेतर अनुदान तुटपुंजं, तेही वेळेवर येईल याची खात्री नाही. त्यातून वीजबिल भरायचं की प्रयोगशाळा सावरायची?

एक लॅपटॉप, एक प्रोजेक्टर आणि वीज गेल्यावर तास चालू ठेवणारा इन्व्हर्टर एवढ्यानं खूप फरक पडतो. नोबेलविजेते कार्ल वीमन यांनी २००२ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या 'फेट' प्रकल्पाचे संगणकावरचे प्रयोग मोफत आहेत, मराठीतही आहेत, आणि एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवाय चालतात. तारा जोडायच्या, बॅटरी वाढवायची, दिवा प्रखर होताना पाहायचा. एखादी मुलगी चुकीची जोडणी करते, पडद्यावर जाळ दिसतो, नुकसान काहीच होत नाही. ती पुन्हा जोडते. खरं शिकणं इथे घडतं. खऱ्या तारांना हात लावणंही हवंच. पडदा त्याची जागा घेऊ शकत नाही. भूमितीसाठी 'जिओजेब्रा' हे सॉफ्टवेअर असंच मोफत आहे.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोडची जोड दिली. त्यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. ती प्राथमिक शाळा. अशा कितीतरी प्राथमिक शाळांसाठी गावांनी लोकवर्गणी काढली. हायस्कूलकडे मात्र आपलं लक्ष कमी गेलं.

कृपा करून नुसती वस्तू देऊन थांबू नका. उद्घाटनाचा फोटो निघतो, महिन्याभरात केबल तुटते आणि संच कपाटात जातो. म्हणून दुरुस्तीची जबाबदारी गावातल्याच एखाद्या जाणकारानं घ्यावी, तिचा वर्षाचा खर्च माजी विद्यार्थ्यांनी वाटून घ्यावा. संगणक क्षेत्रात काम करणाऱ्यांनी यात्रेला, दिवाळीला गावी आल्यावर अर्धा दिवस शिक्षकांजवळ बसावं. त्यांना उपदेश नको, सोबत हवी. कोणता धडा अडतो ते त्यांनाच विचारा.

जुना लॅपटॉप देणार असाल तर तो चालू स्थितीतला असावा आणि त्यातली स्वतःची माहिती आधी पुसावी. वस्तूची शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये (कायम वस्तूंच्या नोंदवहीत) नोंद करून घ्या. पैसे शाळेच्या खात्यातच भरा, पावती मागा.

या आठवड्यात आपल्या मुख्याध्यापकांना फोन करा आणि काय हवं आहे ते विचारा. गावातल्या मंडळींनी उद्याच शाळेत जावं.