कस लावता येईल असे नाणे

लोणंदला कांद्याच्या गाड्यांची रांग लागली की आमच्या कार्यालयात टपाल उशिरा येते. या महिन्यात उशिरा आलेल्या गठ्ठ्यात तमिळनाडूत गलाईचे, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याचे, दुकान असलेल्या, मूळच्या खानापूर तालुक्यातल्या एका वाचकाचे पत्र होते. त्यांचा पुतण्या रोज टुमणे लावतो, ‘आण्णा, भट्टीपुढं किती दिवस बसणार? सोन्यापेक्षा हे डिजिटल नाणं वाढतंय.’ पत्राच्या शेवटी आण्णांनी विचारले आहे : यात धातू नाही, सरकारचा शिक्का नाही, मग किंमत कशाची?

प्रश्न अस्सल गलाईवाल्याचा आहे. त्याला नेहमी मिळणारे उत्तर मात्र कच्चे आहे. बिटकॉइन 2 कोटी 10 लाखांपेक्षा जास्त निघणार नाहीत, म्हणून ते मोलाचे, असे सांगतात. पण बिटकॉइन चालवणारा संगणकाचा प्रोग्रॅम कोणालाही फुकट उतरवून घेता येतो, आणि तशी मर्यादित संख्येची हजारो नाणी लोकांनी काढलीही. 1 ऑगस्ट 2017 रोजी बिटकॉइनच्या व्यवहारांच्या मूळ वहीतूनच बिटकॉइन कॅश फुटून निघाले. जुन्या नोंदी त्याच, मर्यादा तीच. तरी त्याचा भाव मूळ नाण्याच्या पासंगालाही पुरत नाही. दुर्मीळपणा नुसता छापून येत नाही.

मग काय? विट्याचा, आटपाडीचा, माणचा माणूस गलाईसाठी परमुलखात गेला, भाषा येत नव्हती, ओळख नव्हती. तरीही तिथल्या सराफाने त्याच्या हातात सोने दिले. कारण तो जो टंच सांगे तो दुसऱ्या कोणालाही पडताळता येत होता. एक भाग सोन्यात तीन भाग चांदी घाला, तेजाबात उकळा, चांदी विरघळेल, सोने खाली राहील. तेजाब कोणाचे नाव-गाव विचारत नाही. जून 2021 पासून हॉलमार्क सक्तीचा झाला, तरी जुना डाग हातात आला की आपण कसोटी काढतोच.

बिटकॉइनची कसोटी म्हणजे घरातला साधा संगणक. 3 जानेवारी 2009 च्या पहिल्या नोंदीपासूनची सगळी वही त्यावर उतरवता येते आणि ओळ न् ओळ तपासता येते. सुमारे दहा मिनिटांनी एक नवे पान जोडले जाते. जोडणाऱ्याला, म्हणजे खाणवाल्याला, सुरुवातीला 50 नाणी मिळत. दर 2,10,000 पानांनंतर ही मजुरी निम्मी होते, एप्रिल 2024 पासून ती 3.125 आहे. उद्या एखाद्या बड्या धनिकाने वीज जाळून पान तयार केले आणि मजुरी चार लिहिली, तर जगभरातले असे संगणक ते पान परत करतील. विजेचे बिल त्याच्याच अंगावर.

आपल्याकडे हे सगळेच नवे नाही. पेशवाईत टांकसाळी बहुधा सोनारांना परवान्यावर दिलेल्या असत आणि बाजारात तऱ्हेतऱ्हेचे रुपये फिरत. न्यायमूर्ती रानड्यांनी त्यावर सविस्तर निबंध लिहिला आहे. कोणता रुपया कितीला घ्यायचा हे सराफ कस पाहून ठरवी आणि बट्टा कापी. हिणकस पाडणाऱ्या टांकसाळी निघाल्या की सरकार त्या बंद करी, पण तोवर रयतेच्या पदरात खोटे नाणे पडलेले असे. अनेकांनी नाणे पाडले तर प्रत्येकाला हीण मिसळायचा मोह. एकानेच पाडले तर त्या एकाच्या मर्जीवर सगळे. सर्वांनी तपासायचे आणि बदल कोणा एकाच्या हाती ठेवायचा नाही, हा तिसरा मार्ग.

या तिसऱ्या मार्गाची किंमत बिटकॉइनने 2017 मध्ये मोजली. पान मोठे करा, व्यवहार वेगाने होतील, असा आग्रह बड्या कंपन्यांनी आणि खाणवाल्यांनी धरला. सामान्य वापरणाऱ्यांचे म्हणणे असे की वही फुगली तर ती घरी तपासणारे घटतील. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात कंपन्यांना बेत सोडावा लागला. नाणे संथच राहिले. आमच्या मते त्याचा टंच तेव्हा सिद्ध झाला, भाव भडकला तेव्हा नव्हे.

पुतण्याच्या हातातले नाणे या कसाला उतरते का? पुण्यात गाजलेले गेनबिटकॉइन प्रकरण आठवा. दरमहा दहा टक्के, तेही अठरा महिने, असे आमिष होते. पुढे चालकांनी परताव्यात स्वतःचेच एमकॅप नावाचे नाणे हातावर ठेवले. पाडणारा तोच, भाव सांगणाराही तोच. आणि खरे बिटकॉइन दुसऱ्याच्या तिजोरीत असले तरी धोका संपत नाही : 18 जुलै 2024 रोजी वझीरएक्स या आपल्याकडच्या मोठ्या बाजारातून सुमारे 23 कोटी डॉलरचा माल चोरीला गेला. ग्राहकांच्या मोबाइलवर आकडे दिसत होते, काढता मात्र येत नव्हते. शिवाय नफ्यावर 30 टक्के कर, आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही, हेही पुतण्याने सांगितले नसेल.

एक शंका आमचीही आहे. सोने कोणी राखले नाही तरी सोनेच राहते. पुरलेला हंडा दोनशे वर्षांनी निघाला तरी लगड तीच. या नाण्याला मात्र अखंड राखणदार लागतात. खाणवाल्यांची मजुरी दर चार वर्षांनी निम्मी होते आणि 2140 च्या सुमारास संपेल. नंतर नुसत्या व्यवहार-शुल्कावर ते राबतील का, हे आज छातीठोकपणे सांगणारा माणूस आम्हाला तरी विक्रेताच वाटतो.

भट्टी विझवू नका, असे आण्णांना कळवले आहे. पुतण्याला तीन गोष्टी विचारायला सांगितल्या : वही घरी तपासता येते का, नियम कोणाच्या सहीने बदलतात आणि नाणे खर्च करण्याच्या गुप्त चाव्या कोणाकडे आहेत. उत्तर आले तर पुढच्या अंकात छापू.