विश्लेषण : रीलवरचं पुस्तक नेमकं कुणासाठी? 'यंग अडल्ट' कादंबऱ्यांचा गोंधळ काय आहे, सुरुवात कुठून करावी?

इन्स्टाग्राम उघडलं की चार-पाच रील्सनंतर पुस्तकांची एखादी चळत समोर येतेच. रंगीत कडांची जाडजूड पुस्तकं, मागे गाणं आणि खाली तीन शब्द : रोमान्स, फँटसी, डिस्टोपिया. 'ही पुस्तकं वाचून रडला नाहीत तर सांगा' छापाची ही शिफारस आठवीतली मुलगी बघते आणि नोकरीला लागलेली तिची मावशीही बघते. दोघींना यादी एकच मिळते. त्यातली काही पुस्तकं आठवीतल्या मुलीसाठी लिहिलेलीच नसतात, हे मात्र रीलमध्ये कुणी सांगत नाही.

'यंग अडल्ट' म्हणजे नेमकं कोण?

नाव ऐकून वीस-बावीस वर्षांचा तरुण डोळ्यांपुढे येतो, पण तसं नाही. अमेरिकेत १९५७ पासून किशोरवयीन वाचकांसाठी ग्रंथपालांची वेगळी संघटना आहे. ती हा वयोगट १२ ते १८ असा धरते. या प्रकारच्या आधुनिक कादंबरीची सुरुवात बहुतेक जण एस. ई. हिंटन यांच्या 'द आउटसायडर्स'पासून मानतात. गरीब आणि श्रीमंत पोरांच्या टोळ्यांची ही गोष्ट १९६७ मध्ये आली, तेव्हा लेखिका स्वतः १८ वर्षांची होती. मोठेपणी मागे वळून आठवलेलं बालपण त्यात नव्हतं. त्या वयाच्या मुलानेच, त्या वयात असताना सांगितलेली गोष्ट होती ती.

थोडक्यात, 'यंग अडल्ट' हा वाचकाचा वयोगट आहे, कथाप्रकार नाही. प्रेमकथा, जादूची दुनिया किंवा भयाण भविष्य यातलं काहीही किशोरांसाठी असू शकतं किंवा नसूही शकतं. घोळ होतो तो इथेच.

मग लेबल फसवं का ठरतं?

सारा जे. मास यांचं उदाहरण बघा. त्यांची 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' २०१५ मध्ये आली ती किशोरांच्या विभागात. नायिका १९ वर्षांची, गोष्ट परीकथेच्या वळणाची. पण मालिका पुढे सरकली तसे शरीरसंबंधांचे प्रसंग उघड आणि सविस्तर होत गेले. २०२० मध्ये प्रकाशकाने नवी मुखपृष्ठं चढवून हीच पुस्तकं प्रौढांच्या विभागात हलवली. आतला मजकूर तोच होता, फक्त कपाट बदललं. जुन्या याद्यांमध्ये मात्र तिचं नाव अजून 'यंग अडल्ट' म्हणूनच फिरतं.

रेबेका यारोस यांच्या 'फोर्थ विंग'चं (२०२३) असंच होतं. ड्रॅगनवर स्वार व्हायला शिकवणारी शाळा म्हटल्यावर हॅरी पॉटरची पुढची पायरी वाटते. प्रत्यक्षात ती प्रौढांसाठीच लिहिलेली आणि त्यांच्यासाठीच प्रकाशित झालेली कादंबरी आहे. कॉलीन हूव्हर यांची 'इट एन्ड्स विथ अस' गुलाबी मुखपृष्ठामुळे कोवळी प्रेमकथा वाटते, पण तिचा गाभा आहे नवऱ्याकडून होणारी मारहाण. पुस्तक वाईट आहे असं नाही. पण तेरा वर्षांच्या मुलीने हे 'रोमान्स' म्हणून वाचावं का, हा प्रश्न उरतोच. सिग्नलवर पायरेटेड प्रत विकणाऱ्याकडून त्याचं उत्तर मिळणार नाही.

अमेरिकेत याचं रूपांतर थेट बंदीत झालं आहे. युटा राज्याच्या कायद्यानुसार किमान तीन शालेय जिल्ह्यांनी एखादं पुस्तक अश्लील ठरवून काढलं, की ते राज्यातल्या सगळ्या सरकारी शाळांतून जातं. ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झालेल्या पहिल्या यादीत १३ पुस्तकं होती, त्यातली सहा एकट्या मास यांची. 'पेन अमेरिका' या संस्थेने २०२४-२५ या शालेय वर्षात देशभरात पुस्तकबंदीच्या ६,८७० घटना नोंदवल्या. बंदीचा परिणाम उलटाच होतो, असं आम्हाला वाटतं. शाळेतून काढलेलं पुस्तक फोनवर सापडतंच, फक्त त्याबद्दल बोलायला कुणी मोठं माणूस उरत नाही.

डिस्टोपिया पुन्हा का चर्चेत?

मार्च २०२५ मध्ये सुझन कॉलिन्स यांची 'सनराइज ऑन द रीपिंग' आली. प्रकाशक स्कोलॅस्टिकच्या म्हणण्यानुसार पहिल्याच आठवड्यात तिच्या इंग्रजी प्रती १५ लाखांवर गेल्या. तिच्यावरच्या चित्रपटासाठी २० नोव्हेंबर २०२६ ही तारीख जाहीर झाली आहे.

ही 'हंगर गेम्स' मालिकेतली पाचवी कादंबरी. मूळ कल्पना अनेकांना माहीत असेल : पॅनेम नावाच्या देशात दरवर्षी बारा जिल्ह्यांतून एक मुलगा आणि एक मुलगी निवडायची आणि एकच जिवंत उरेपर्यंत त्यांना लढवायचं, तेही टीव्हीवर थेट. मुलांचं वय १२ ते १८. म्हणजे ग्रंथपालांनी वाचकांसाठी आखलेला तोच वयोगट! चॅनेल बदलताना एकीकडे रिॲलिटी शो आणि दुसरीकडे इराक युद्धाची दृश्यं दिसली, त्यातून ही कल्पना सुचल्याचं कॉलिन्स यांनी सांगितलं आहे.

नव्या कादंबरीत त्या आणखी पुढे जातात. मैदानात प्रत्यक्षात काय घडलं आणि सरकारने कापून-जोडून लोकांना काय दाखवलं, यातलं अंतर हाच तिचा विषय. दिवसभर इतरांनी कापलेले व्हिडिओ बघणाऱ्या आपल्या पिढीला ती लागू पडते, ती यामुळे.

या मालिकेला 'पोरांची पुस्तकं' म्हणणाऱ्यांनी थायलंड आठवावं. २०१४ च्या लष्करी बंडानंतर तिथले विद्यार्थी निषेध म्हणून कादंबरीतला तीन बोटांचा सलाम करू लागले. त्याच नोव्हेंबरात पंतप्रधानांसमोर हा सलाम करणाऱ्या विद्यार्थ्यांना ताब्यात घेतलं गेलं आणि बँकॉकमधल्या एका चित्रपटगृह साखळीने 'हंगर गेम्स'चे खेळच रद्द केले. फेब्रुवारी २०२१ मध्ये म्यानमारमध्ये बंड झालं, तेव्हा तीच खूण रस्त्यावर दिसली. म्यानमारचे संयुक्त राष्ट्रांतले राजदूत क्याव मो टुन यांनी आमसभेत भाषण संपवताना तीन बोटं वर केली, तेव्हा तर ती जगभर पोहोचली.

सुरुवात कुठून करावी?

डिस्टोपिया पहिल्यांदाच वाचणार असाल, वय बारा-तेरा असेल, तर लोइस लोरी यांची 'द गिव्हर' (१९९३) घ्या. छोटी आहे, रक्तपात जवळपास नाही आणि दुःखासोबत आठवणीही पुसून टाकलेल्या समाजाची कल्पना मनात घर करते. त्यानंतर 'हंगर गेम्स', तीही प्रकाशित झाली त्याच क्रमाने. कथेतल्या काळानुसार वाचायचा सल्ला हल्ली दिला जातो, पण नव्या कादंबरीतली बरीच कळ जुन्या तीन पुस्तकांवर टेकलेली आहे. 'डायव्हर्जंट'चा पहिला भाग वेगवान आहे. पुढचे नाही वाचले तरी चालेल.

फँटसीत ली बार्डुगो यांची 'सिक्स ऑफ क्रोज' (२०१५). सहा पोरं, एक अशक्य दरोडा आणि प्रत्येकाची जुनी जखम. पंधराच्या पुढच्यांना जास्त रुचेल. टोमी अडेयेमी यांची 'चिल्ड्रन ऑफ ब्लड अँड बोन' योरुबा श्रद्धांवर उभी आहे. युरोपीय राजवाड्यांचा कंटाळा आला असेल तर ती नक्की वाचा.

रोमान्समध्ये जेनी हान सगळ्यात हलक्या हाताने लिहितात. 'टू ऑल द बॉइज आय हॅव लव्ह्ड बिफोर'मध्ये नायिकेने लपवून ठेवलेली प्रेमपत्रं ज्यांच्यासाठी लिहिली, त्यांनाच पोहोचतात. कोरियन वळणाच्या घरातल्या तीन बहिणींचं नातं त्यात प्रेमाइतकंच महत्त्वाचं आहे. जॉन ग्रीन यांची 'द फॉल्ट इन अवर स्टार्स' ज्यांनी वाचली नाही, त्यांनी 'दिल बेचारा' बघितला असेल. कॅन्सर झालेली मुलं त्यात आहेत, पण ती बिचारी नाहीत, खोचक आहेत. 'ट्वायलाइट' घरात आलीच, तर एक प्रश्न जरूर विचारा : मुलगी झोपलेली असताना तिच्या नकळत खोलीत येऊन तिला बघत बसणं याला प्रेम म्हणायचं का? यावर घरात चांगली तासभर चर्चा होऊ शकते.

आणि मराठीत?

मराठीत या वयाचं वेगळं कपाटच नाही. 'किशोर' मासिक आणि फास्टर फेणे संपले की मुलं थेट मोठ्यांच्या कादंबऱ्यांवर येतात किंवा इंग्रजीकडे वळतात. साहित्य अकादमीचेही दोन पुरस्कार आहेत, बालसाहित्य आणि युवा. पण युवा पुरस्कार तरुण लेखकांसाठी आहे, तरुण वाचकांसाठीच्या पुस्तकांना नाही. हॅरी पॉटर मराठीत आला, तो वाचून मोठ्या झालेल्या मुलांना पुढे काय द्यायचं, हे मात्र ठरलं नाही.

तरी एक पुस्तक आपल्याकडे आहेच : मिलिंद बोकील यांची 'शाळा' (२००४). नववीतला मुकुंद जोशी, त्याला आवडणारी शिरोडकर आणि भोवती आणीबाणीचा काळ. 'यंग अडल्ट' असा शिक्का तिच्यावर कुणी मारला नाही. प्रेम आहे, मोठ्यांच्या सत्तेचा काच आहे आणि बोलणारा मुलगा अजून नववीतच आहे. आठवीतली मुलगी आणि तिची मावशी, दोघींना एकाच वेळी देता येईल असं हे पुस्तक आहे.