गप्प बसलेलं मूल

सिग्मंड फ्रॉइडचं नाव निघालं की बहुतेकांना स्वप्नं आणि लैंगिकता एवढंच आठवतं. त्याच्या सिद्धांतांतलं बरंचसं आता मागे पडलं आहे, आणि त्याची हळहळ वाटायचं कारण नाही. मात्र त्याच परंपरेतून आलेली एक जाणीव आम्हाला फार मोलाची वाटते, आणि आमच्या यंदाच्या दिवाळी अंकातला बालपण-विभाग तिच्यातूनच उभा राहिला: दीड-दोन वर्षांच्या मुलाचं दुःख मोठ्यांच्या दुःखाइतकंच खरं असतं.

१९१५ साली फ्रॉइडने आपल्या दीड वर्षाच्या नातवाला, अर्न्स्टला, खेळताना पाहिलं. दोरा बांधलेलं लाकडी रीळ तो पडदे लावलेल्या खाटेच्या कठड्यावरून पलीकडे टाकी आणि ते दिसेनासं झालं की लांब ‘ओऽऽ’ करी. मग दोरा ओढायचा, रीळ वर आलं की आनंदाने ‘दा!’ (जर्मनमध्ये ‘इथे’). आई बाहेर गेली तरी हे मूल रडत नसे. आईचं जाणं-येणं त्याने खेळात स्वतःच्या हाती घेतलं आहे, असं फ्रॉइडने ताडलं. हे निरीक्षण १९२० मध्ये छापून आलं. त्याच वर्षी जानेवारीत अर्न्स्टची आई सोफी इन्फ्लुएन्झाने गेली. मुलाने शोक केल्याचं दिसलं नाही, असं फ्रॉइडने तळटीपेत नोंदवलं. स्वतःची लेक गमावलेल्या आजोबांना बोल कसा लावायचा? पण न दिसलेला शोक म्हणजे नसलेला शोक नव्हे, हे उमगायला आणखी तीसेक वर्षं जावी लागली.

ते उमगलं जेम्स रॉबर्टसन या माणसाला. दुसऱ्या महायुद्धात फ्रॉइडची मुलगी ॲना फ्रॉइडने लंडनच्या हॅम्पस्टेडमध्ये मुलांसाठी निवासी पाळणाघर चालवलं, तिथे तो बॉयलर सांभाळायचा. मुलांबद्दल जे दिसेल ते कार्डांवर लिहायचं, हा ॲनाचा दंडक बॉयलरवाल्यालाही लागू होता. पुढे मनोविश्लेषक जॉन बोल्बीसोबत काम करताना, १९५२ साली, त्याने अडीच वर्षांच्या लॉराचं हॉस्पिटलमधलं वास्तव्य चित्रित केलं. हर्नियाचं ऑपरेशन, आठ दिवस, आई फक्त भेटीपुरती. लॉरा आकांत करत नाही. टेडी घट्ट धरून ठेवते आणि भलत्याच बोलण्याच्या मध्येच आईबद्दल विचारते. घरी निघताना आपली एकूण एक वस्तू गोळा करते, पण आईने पुढे केलेला हात धरत नाही.

तेव्हाच्या ब्रिटिश हॉस्पिटलांत पालकांना मोजकीच भेट मिळे, कारण आई आली की मुलं रडतात आणि गेली की ‘रुळतात’. रॉबर्टसनचं म्हणणं असं, की मूल आधी आकांत करतं, मग खचतं, आणि शेवटी मन काढून घेतं. या शेवटच्या अवस्थेलाच वॉर्डात रुळणं म्हणतात. डॉक्टर चिडले. तरी १९५९ च्या प्लॅट अहवालाने पालकांना भेटीची मोकळीक द्यावी, अशी शिफारस केलीच.

आईपासूनची ताटातूट लहान मुलाला घातक ठरते, या बोल्बीच्या मांडणीने सगळा भार आईवर टाकला आणि नोकरी करणाऱ्या बायकांना त्याचा जाच झाला, हेही सांगितलं पाहिजे. रॉबर्टसन पतिपत्नींनी नंतर काही मुलं स्वतःच्या घरी सांभाळली. तेव्हा दिसलं, की मायेचं एकच माणूस सतत सोबत असेल तर मूल आईविनाचा काळ बऱ्यापैकी निभावतं. अर्न्स्टही मोठेपणी मनोविश्लेषक झाला आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या अतिदक्षता विभागात बाळाला आई-वडिलांचा सहवास का हवा, याचा त्याने अभ्यास केला.

अशी ताटातूट आपल्याकडेही दरवर्षी होते. दिवाळीच्या आगेमागे बीडकडचे ऊसतोड मजूर कारखान्यांच्या वाटेला लागतील. काही मुलं त्यांच्यासोबत कोप्यांवर (तात्पुरत्या झोपड्यांत) जातील, काही आजी-आजोबांपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहतील. वसतिगृहात जेवण आणि हजेरी यांची नोंद होते. रोज तेच एक माणूस मागे राहिलेल्या मुलांजवळ बसावं, त्यांच्याशी आईबद्दल बोलावं, फोन लावून द्यावा, अशी तजवीजही सरकारने आणि गावाने याच हंगामापासून करावी, अशी आमची आग्रहाची मागणी आहे.